राष्ट्रसंत तुकडोजी महाराज

मंदिराच्या जीर्णोद्धाराप्रसंगी वंदनीय राष्ट्रसंतांचे स्मरण करणे उचित होय. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे 30 एप्रिल 1909 रोजी एका गरीब घरी माणिक जन्मला. वडील शिवणकाम करीत. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू. 1935 साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापन झाला. 1942 च्या चळवळीत इंग्रज सरकारने महाराजांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले.

स्वराज्य आल्यावर मात्र गावाने सरकारच्या तोंडाकडे न पाहता स्वतः कामास लागावे, मग सरकारी मदतही कारणी लागते, हे त्यांनी खंजिरीवर गावोगाव सांगितले. पहाटे ग्रामसफाई, सायंकाळी सर्व जातींची सामुदायिक प्रार्थना. 1955 च्या ग्रामगीतेत 41 अध्याय आहेत. त्यांत ग्रामशुद्धी, आरोग्य यांच्याच पंक्तीला देव-देवळेही आहेत. आम्ही तालुका कचेरीतील कारकून मंडळी रोज पाहतो, श्रमदानाला तयार असलेल्या गावाची विहीर कागदावर राहत नाही.

आपल्या नव्या सभामंडपात लसीकरणासाठी नर्सबाईंना बसू द्यावे की नाही, यावर बैठकीत मतभेद झाले. महाराजांना हा प्रश्नच पडला नसता. त्यांच्या लेखी देऊळ सगळ्या गावाचे.

1967 च्या कोयना भूकंपातही ते मदतीस धावले. 11 ऑक्टोबर 1968 रोजी कर्करोगाने मोझरीस देह ठेवला. सक्करदऱ्याजवळ मानेवाडा रस्त्यावर त्यांच्याच नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. खेड्यापाड्यांतील रोगी तेथे उपचारास येतात.