बाकावरचे पाच खेळाडू

1983 सालची गोष्ट. बँकेत कॅशियर म्हणून माझं ते पहिलंच वर्ष होतं. एका संध्याकाळी कॅश जुळेना. बरोबर पाच हजारांची तूट. माझ्या पगारात ती भरून द्यायची तर किती महिने लागतील, याचा हिशेब मनात आपोआप सुरू झाला. तोंडाला कोरड पडली, हात गार पडले. मित्रानं पुढे केलेला बटाटेवडा घशाखाली उतरेना. दीड तासानं पन्नासच्या नोटांची एक गड्डी टेबलाच्या खणामागे सापडली. सगळे हसले, मीही हसलो. पण शटर खाली ओढेपर्यंत छाती धडधडतच होती. गड्डी सापडल्याचं मला कळलं होतं, छातीला कळायचं होतं.

याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी उमगलं, वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाविषयी वाचताना.

कॅननचा जन्म 1871 मधला, विस्कॉन्सिन राज्यातल्या प्रेअरी दु शिएं या गावातला. शिकायला तो हार्वर्डला गेला आणि पुढे आयुष्यभर तिथलाच झाला. 1896 मध्ये तो वैद्यकीचा विद्यार्थी होता. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष झालं होतं. अन्न गिळलं जातं कसं, हे त्या किरणांतून पाहण्याचं काम त्याच्याकडे आलं. बिस्मथ मिसळलेलं अन्न मांजराला घालायचं आणि पडद्यावर जठराच्या लाटा पाहत बसायचं. पाहता पाहता एक विचित्र गोष्ट त्याच्या ध्यानात आली. मांजर धास्तावलं, चिडलं, की लाटा एकदम थांबत. ते शांत झालं की पुन्हा सुरू. दुसऱ्या कुणी हा प्रयोगातला अडथळा समजून सोडून दिला असता. कॅननला तो अडथळाच महत्त्वाचा वाटला. माझा तो वडा याच जातीचा!

पण भीती पोटापर्यंत पोचते कशी? मज्जातंतूंवाटे, हे उत्तर होतंच. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन हे संप्रेरक निघतं, हेही ठाऊक झालं होतं. या दोहोंची सांगड कॅननच्या प्रयोगशाळेत बसली. 1911 मध्ये त्यानं द ला पाझ या सहकाऱ्यासह मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला. मांजराचं आधीचं रक्त आणि घाबरल्यानंतरचं रक्त आतड्याच्या स्नायूच्या पट्टीवर वेगवेगळं घालून पाहिलं. पहिल्या रक्तात पट्टी लयीत आकसत राहिली, दुसऱ्यात सैल पडली. (त्या मांजरांची मला कणव आली, खोटं कशाला सांगू?)

म्हणजे गोष्ट अशी होती. मेंदूकडून निघालेला निरोप तारेसारखा मज्जातंतूंतून क्षणात हृदयाला, आतड्याला पोचतो. त्याच जाळ्यातले काही तंतू थेट अधिवृक्क ग्रंथीत जातात. त्यांनी खूण केली की ग्रंथी अॅड्रिनॅलिन रक्तात सोडते, आणि तोच निरोप रक्ताबरोबर सर्वांगभर फिरतो. यकृत साखर मोकळी करतं, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं. तार थांबली तरी रक्तात गेलेलं संप्रेरक त्याच क्षणी परत बोलावता येत नाही. कॅननने पुढे हृदयाकडे जाणारे मज्जातंतू कापलेली मांजरं पाहिली. ती घाबरली की त्यांचंही हृदय वेगानं धावे, केवळ रक्तातून आलेल्या निरोपावर. लढायचं किंवा पळायचं, यासाठीची ही शरीराची तयारी, असं त्यानं 1915 च्या पुस्तकात मांडलं.

मला सर्वांत आवडतो तो त्याचा फुटबॉलचा प्रयोग. हार्वर्डच्या संघाचा मोसमातला अखेरचा, चुरशीचा सामना. तो संपल्यावर 25 खेळाडूंची लघवी तपासली, तर 12 जणांच्या लघवीत साखर. त्यातले पाच जण राखीव. सबंध सामना बाकावर बसून काढलेले! अंगातून साखर सुटली, पण ती खर्चायला पाय हलले नव्हते. कॅशच्या खिडकीमागे बसून नोकरी केलेल्या माणसाला हे पाच जण सख्ख्या भावांसारखे वाटले तर नवल नाही.

शरीर आतला तोल कसा सांभाळतं, हा कॅननचा पुढचा ध्यास. त्याला त्यानं 'होमिओस्टॅसिस' असं नाव दिलं, ते आज शाळेच्या पुस्तकातही आहे. सगळंच मात्र त्याला साधलं नाही. मज्जातंतूंच्या टोकाशी सिंपॅथिन नावाची दोन वेगळी द्रव्यं तयार होतात, हा त्याचा आग्रह चुकीचा ठरला. 1936 चं नोबेल डेल आणि लोवी यांना गेलं. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला रक्तवाहिन्यांतून रासायनिक निरोप धाडतो, हा या कथेचा मोठा अध्याय तर त्याच्या पश्चात इंग्लंडच्या जेफ्री हॅरिसनं उलगडला.

1901 मध्ये लग्न झाल्यावर कॅनन आणि कॉर्नेलिया मधुचंद्राला मोंटाना राज्यात गेले आणि तिथला एक डोंगर चढले. त्या शिखराला आज कॅननचं नाव आहे. कॉर्नेलिया पुढे कादंबरीकार झाली. आमच्या जमातीतली म्हणून एवढं सांगून ठेवतो.

विद्यार्थी असताना तो त्या किरणांजवळ तासन्‌तास उभा असे, कसल्याही आडोशाशिवाय. त्यांचा धोका तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हता. आधी त्वचा भाजल्यासारखी झाली, मग अनेक वर्षांनी त्वचेचे असाध्य विकार मागे लागले. 1945 साली त्याचं आत्मवृत्तपर पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला तो गेला. पडद्यावर त्या मांजराच्या जठराच्या लाटा थांबताना पाहिल्याला तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.