केडगावच्या पंडिता रमाबाई

आमच्या गावाहून पुण्याकडे जाणारी गाडी केडगाव स्टेशनवर थांबते. लहानपणी आजीबरोबर जाताना हे स्टेशन आले, की आजी खिडकीतून बोट दाखवून सांगायची, की तिकडे मुक्ती आहे, तिथे बाया राहतात, आणि तिथे गेलेल्या मुलीला बाटवतात. मुक्ती म्हणजे काय ते मला कळत नसे. पण गाडी हलेपर्यंत मी आजीचा पदर धरून बसत असे.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती पडले, तेव्हा कळले की आजीची मुक्ती म्हणजे रमाबाईंचे मुक्ती सदन. मग मिळतील ती पुस्तके वाचत गेले. हा लेख लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. माझी आत्या चोविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली. ती शिवणकाम करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि माझी फी आत्याच्या शिवणकामाच्या पैशांतून भरली जाते. झंपर शिवायला गावातल्या साऱ्या बायका तिच्याकडे येतात. पण त्यांच्याच मुलींच्या हळदीला तिला कोणी बोलावत नाही. रमाबाईंचे चरित्र वाचताना आत्या सारखी डोळ्यांपुढे येत होती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे संस्कृत पंडित. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांनी पेशव्यांच्या वाड्यातील स्त्रीला संस्कृत शिकताना पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे, असे मनाशी ठरवले. घरच्यांनी विरोध केला, धर्मपंडितांनी जाब विचारला. तरी त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते आपल्या मुलीला शिकवले. रमा सहा महिन्यांची असतानाच हे कुटुंब रान सोडून तीर्थयात्रेला निघाले. ज्या गावी जावे तेथे देवळात पुराण सांगावे आणि जे मिळेल त्यावर गुजराण करावी, असा त्यांचा क्रम होता. आईच्या तोंडून ऐकत ऐकत रमेचे भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ झाले.

रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या असताना दक्षिणेत दुष्काळ पडला. होते ते सारे विकून झाले. भीक मागणे वडिलांना मान्य नव्हते आणि मजुरी करण्याची कुणालाच सवय नव्हती. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला गावातून माणसे मिळेनात. दोघे जण कसेबसे आले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी, म्हणून खांद्याऐवजी तिरडीचे टोक डोक्यावर घेऊन ती स्मशानापर्यंत चालत गेली. पुढे रमाबाईंनी जे केले, त्याचे मूळ मला या प्रसंगात दिसते. दुष्काळात उपाशी राहणे आणि आपल्या माणसाच्या मरणाला कोणी न येणे, हे दोन्ही त्यांनी भोगले होते.

उरलेली दोघे भावंडे पायी देश फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख फार टिकले नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोन्हीकडच्या समाजांनी नाके मुरडली. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने वारले. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. तेवीस वर्षांची विधवा आणि कडेवर मूल, असा त्यांचा संसार उरला.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या. न्यायमूर्ती रानडे व इतर सुधारकांच्या पाठिंब्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. स्वतःही डॉक्टर व्हावे या इच्छेने १८८३ साली मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांना ऐकू कमी येते म्हणून वैद्यकीचा विचार सोडावा लागला.

इंग्लंडमध्येच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. सारा महाराष्ट्र यामुळे खवळला. त्यांनी हे का केले, हा प्रश्न मलाही पडला होता. लूकचे शुभवर्तमान त्यांनी आसामात असतानाच वाचले होते, आणि धर्मशास्त्रात स्त्रीला व शूद्राला दिलेली जागा त्यांना डाचत होती. पण त्यांच्या मनाने कौल दिला तो वेगळ्याच ठिकाणी. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले काम दाखवायला नेले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे राहत होत्या. भगिनी त्यांची शुश्रूषा करीत, त्यांना काम शिकवीत आणि त्यांच्याशी मायेने वागत. आपल्याकडे अशा स्त्रीला दारात उभे करीत नाहीत, आणि येथे तिला घरात घेतात. असे का, याचा शोध घेताना त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी बोलणारा येशू भेटला. म्हणजे रमाबाईंना आधी सेवा दिसली, आणि त्या सेवेमागचा धर्म नंतर दिसला.

धर्म बदलला तरी रमाबाई कुणाच्या बाहुल्या झाल्या नाहीत. त्यांनी शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे हवीत असा आग्रह धरला. न पटलेल्या सिद्धांतांवर आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घातला.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. आपल्याकडच्या स्त्रियांची स्थिती सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक तेथे १८८७ साली निघाले. बोस्टनमध्ये त्यांच्या नावाने संस्था निघाली आणि तिने विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. पहिल्या मुलींपैकी एक गोदूबाई नावाची बालविधवा. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी विवाह केला. त्याच महर्षी कर्व्यांनी पुढे हिंगण्याची संस्था वाढवली, हे आपण जाणतोच.

१८९३ मध्येच मोठे वादळ उठले. सदनात धर्माची सक्ती करायची नाही, मुलींना आपापले आचार पाळू द्यायचे, असा करार होता. रमाबाई मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

या प्रसंगावर आमच्या वसतिगृहात एका रात्री बराच वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, की ही सेवा नव्हे, हे आमिष. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. आज असे वाटते, की सल्लागारांची अडचण खोटी नव्हती. त्यांनी पालकांना शब्द दिला होता, आणि पुढे सदनातील काही मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलाही. पण रमाबाईंनी दार लावून घेतले असते, तर मनात एक आणि बाहेर एक असे जगावे लागले असते. ते त्यांच्याने होणे नव्हते. आणि ज्या मुली घरी नेल्या, त्यांच्यासाठी घरी काय होते? तेच केशवपन आणि तोच कोपरा. आमिषाची भीती वाटणाऱ्यांनी आपल्या घराचे दार आधी उघडले असते, तर वादच उरला नसता.

रमाबाईंच्या श्रद्धेची खरी कसोटी यानंतर लागली. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ती बातमी ऐकून त्यांना आपले आईवडील आठवले आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. अन्नछत्रांच्या आसपास फिरून अनाथ मुली व विधवा गोळा केल्या. मुलींना फसवून नेणारे लोकही तेथे टपलेले होते. काही महिन्यांत त्यांनी सुमारे तीनशे जणींना आणले. पुण्यात प्लेग असल्याने इतक्या जणींना शहरात ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा केडगावची जमीन उपयोगी पडली. अमेरिकेची मदत संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी, म्हणून रमाबाईंनी ती आधीच घेऊन ठेवली होती. त्या माळावर झोपड्या आणि मांडव घालून मुली राहिल्या, विहिरी खोदल्या, हळूहळू इमारती उभ्या राहिल्या. त्याचेच नाव मुक्ती सदन. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी निघाले होते. केडगावला मात्र जात विचारायला वेळच नव्हता. दुष्काळाने जात पाहिली नव्हती आणि रमाबाईंनीही पाहिली नाही. माझ्यासारख्या कुणब्याच्या मुलीला ही गोष्ट फार मोठी वाटते. मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तेथील दिवस प्रार्थनेने सुरू होई आणि पुढे अनेकींनी बाप्तिस्मा घेतला, हेही सांगितले पाहिजे. तसेच राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून रमाबाईंनी राज्यकर्त्यांची हांजी हांजी केली नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांची होणारी दैना त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर मांडली.

दोन हजार जणींचा संसार चालवायचा कसा? मोठ्या मुलींकडे धाकट्या सोपवल्या; प्रत्येक लहानगीला कुणीतरी ताई मिळाली. दळण, स्वयंपाक, शेती, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना, सारी कामे बायकाच करीत. पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. मनोरमा अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आली आणि केडगावच्या अंध मुलींना वाचायला शिकवू लागली. ज्या बाईची आई, वडील, बहीण, भाऊ, पती असे एकेक माणूस गेले, तिने परक्या मुलींचे एवढे मोठे कुटुंब उभे केले.

उतारवयात रमाबाईंनी आणखी एक काम हाती घेतले. साध्या, थोडे शिकलेल्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणायचे. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या आणि वर्षानुवर्षे भाषांतर करीत राहिल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीच्या बायकांनी केले. बापाच्या पांडित्याचा वारसा त्यांनी असा दळणाऱ्या-कांडणाऱ्या बायकांच्या हाती दिला.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. पण शेवटचे दुःख अजून बाकी होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आईनंतर संस्था तीच सांभाळणार होती. भाषांतराचे काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे.

मी ख्रिस्ती नाही आणि हे सारे वाचून होणारही नाही. पण माणसाची श्रद्धा कोणती हे विचारण्याआधी ती कुणाच्या उपयोगी पडली हे पाहावे, एवढे मी रमाबाईंकडून शिकले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मी ही हकीकत आत्याला सांगितली. ती काजे करीत ऐकत होती. धर्माबद्दल तिने काहीच विचारले नाही. तिने विचारले, की इतक्या बायांचे दळण कोण दळायचे. मी म्हटले, त्याच दळायच्या. आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, की असे असेल तर ते धर्मादाय अन्न नव्हे, ते त्यांचे घरच झाले. आजी पलीकडे जपमाळ ओढत बसली होती. तीही काही बोलली नाही.

सुट्टी संपवून परत येताना केडगाव स्टेशन आले, तेव्हा मी खिडकीशी उभी राहिले आणि गाडी सुटेपर्यंत तिकडे पाहत होते.