विषुववृत्ताजवळ बर्फ कसा? रेबमन यांच्यावर कुणी विश्वास ठेवेना

अकोला, अमरावती उन्हाने भाजून निघाले की वऱ्हाडकर चिखलदरा गाठतात. उंची साधारण 1,100 मीटर, म्हणून हवा थंड. हाच नियम जर्मन मिशनरी योहानेस रेबमन (1820-1876) यांच्या आयुष्यातील मोठ्या वादामागे होता.

1848 मध्ये त्यांनी पूर्व आफ्रिकेत किलिमांजारोच्या माथ्यावर बर्फ पाहिला. लंडनमधील भूगोलतज्ज्ञ विल्यम कूली यांनी तो दावा उडवून लावला.

बर्फ टिकतो कसा?
वर जाताना दाब घटतो, हवा प्रसरण पावून थंड होते. दर 1,000 मीटरला सरासरी साडेसहा अंश. 5,895 मीटरच्या शिखरापर्यंत ही घट सुमारे 38 अंश.

1861-62 मध्ये बॅरन फॉन डेर डेकन यांनी चढाई करून बर्फाची खात्री केली. रेबमन 1875 मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांची दृष्टी जवळपास गेली होती.