हरिश्चंद्राची फॅक्टरी

परवा भाची मोबाईल नाचवतच घरात शिरली. सातपूरकडच्या एका कंपनीची नोकरीची जाहिरात आली होती. आमच्या परिवारात या, तुमच्या स्वप्नांना पंख देऊ, वगैरे वगैरे. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. पगाराचा आकडा कुठ्ठेच नाही! पण मावशी, वाचून किती छान वाटतं ना, असं तिचं म्हणणं. छान तर वाटतंच. आणि मला एकदम आठवले आपले दादासाहेब फाळके.

सिनेमावाल्याचा इथे काय संबंध, असं म्हणाल. सांगते.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, आपल्या त्र्यंबकेश्वरचा. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, सगळं करून झालं. चाळिशीत मुंबईला ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि सिनेमाचं वेड डोक्यात बसलं. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकून आले. ‘राजा हरिश्चंद्र’ करायचं ठरलं.

यंत्र मिळालं, पण माणसं? वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या. माणसं खूप आली, पण मनाजोगती मिळेनात. शेवटी जाहिराती बंद केल्या नि ओळखीपाळखीतून शोध सुरू झाला. खरी अडचण वेगळीच होती. सिनेमात काम करणं म्हणजे तेव्हा बदनामी. पगार कितीही द्या, घरी सांगायचं काय? दादासाहेबांनी तोड काढली. कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणून सांगा, असं त्यांनी आपल्या माणसांना बजावलं.

फॅक्टरी! मुलगा फॅक्टरीत आहे म्हटल्यावर किती आयांचा जीव भांड्यात पडला असेल. मुलाच्या लग्नाची बोलणी करतानाही अडायला नको. खोटं होतं का? थोडंसं होतंच. पण माणसाला पैशाइतकीच चारचौघांत सांगता येईल अशी नोकरी हवी असते, हे या माणसानं ओळखलं होतं.

बायका मात्र तेवढ्यानंही येईनात. नाइलाजानं दादासाहेबांनी वेश्यावस्तीतही विचारून पाहिलं, तिथूनही नकार. अखेर ग्रँट रोडच्या एका खानावळीत अण्णा साळुंके नावाचा नाजूक हातांचा आचारी दिसला. तिथे १० रुपये मिळायचे, दादासाहेबांनी १५ देऊ केले, असं सांगतात. झाली तारामती! रोहिदासासाठी कोणी आपलं पोर देईना, कारण पडद्यावर त्याला मरायचं होतं. मग स्वतःच्या मुलाला, भालचंद्रला, उभं केलं. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

त्यानंतर ते आपल्या नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’साठी खऱ्या बायका मिळाल्या, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहून लेकीला वाढवत होत्या. लोक काय म्हणतील यापेक्षा घर चालणं मोठं होतं. त्यांना फॅक्टरीचं नाव सांगून काय उपयोग?

आणि सरस्वतीबाई! दादासाहेबांची पत्नी. दागिने मोडायला दिले, फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. त्यांना कोणी जाहिरात देऊन बोलावलं नव्हतं, आणि पगारपत्रकात त्यांचं नाव असेल असंही मला वाटत नाही. परिवारात या म्हणतात ते हेच की काय, असं मनात येतं.

पुढे १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी झाली. भागीदारांशी पटेना म्हणून दादासाहेब काशीला निघून गेले, मग परतही आले. बोलपट आले आणि त्यांचे दिवस पालटले. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकलाच ते गेले.

हे सगळं भाचीला सांगितलं. ती मध्येच म्हणाली, म्हणजे मावशी, मी नको का जाऊ? जा की, म्हटलं. इंटरव्ह्यू गुरुवारी आहे. एका चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून दिलेत. पगार किती, सुट्टी कधी, आणि रात्रपाळी असेल तर घरी सोडायला गाडी आहे का. चिठ्ठी तिनं पर्समध्ये ठेवली. विचारेल की लाजेल, बघू.