देहाची व्यथा आणि मनाचे स्वास्थ्य : स्वामी विवेकानंदांची अखेरची वर्षे

सन १८९२ च्या उत्तरार्धात एक तरुण संन्यासी म्हैसूर नगरीत आला. पुण्यास लोकमान्य टिळकांच्या घरी आणि बेळगावी भाटे नावाच्या मराठी वकिलांच्या घरी पाहुणचार घेऊन, गोमंतकातून तो दक्षिणेकडे निघाला होता. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी त्याची महाराजा चामराजेंद्र वडियार यांच्याशी भेट करून दिली आणि महाराजांनी त्याला राजवाड्यातच ठेवून घेतले. तेथे पंडितांच्या सभेत त्याने वेदान्तावर भाषण केले. त्याच्या वाणीने महाराज इतके मोहित झाले की, त्या काळी नवलाचे असलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रावर त्यांनी ती मुद्रित करून घेतली. निरोपाच्या वेळी देऊ केलेल्या मौल्यवान भेटी मात्र त्या संन्याशाने स्वीकारल्या नाहीत. तेच पुढे जगद्विख्यात झालेले स्वामी विवेकानंद. वय एकोणतीस वर्षांचे, बांधा भक्कम, आवाज मेघासारखा गंभीर! पाचच वर्षांत हा देह व्याधींचे घर होईल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसते.

शक्तीचा आणि निर्भयतेचा हा उपदेशक आयुष्याची अखेरची वर्षे दीर्घ आजारात कंठीत होता, ही गोष्ट त्यांच्या पराक्रमाच्या वर्णनात बहुधा मागे पडते. परंतु ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे अंथरूण धरलेले कोणी आहे, त्यांना शिकागोच्या विजयापेक्षा ह्या वर्षांतूनच अधिक काही घेता येईल.

रुग्णसेवेचा पहिला पाठ त्यांना गुरूंपाशी मिळाला होता. १८८५ साली श्रीरामकृष्णांना कंठाचा कर्करोग जडला. काशीपूरच्या उद्यानगृहात नरेंद्र व त्याच्या गुरुबंधूंनी रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा केली. घास गिळवेना, तेव्हा निदान अन्न पोटात जावे एवढी तरी प्रार्थना जगन्मातेपाशी करावी, असा नरेंद्राने हट्ट धरला. गुरूंनी ती केली. पण इतक्या सगळ्या मुखांनी तू जेवतोसच ना, असा मातेचा भाव जाणून ते लज्जित झाले. १६ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांनी देह ठेवला. रोग देहाचा असतो आणि आत्मीयतेची कक्षा देहाबाहेर पसरू शकते, हे शिष्याने अशा रीतीने शास्त्र वाचून नव्हे, तर उशाशी बसून पाहिले.

पुढे परिव्रज्येतील उपासमार, १८९० मध्ये हृषीकेश येथे प्राणावर बेतलेला ताप आणि पाश्चात्त्य देशांतील अविश्रांत परिश्रम यांनी शरीर आतून पोखरले. १८९७ च्या जानेवारीत ते स्वदेशी परतले ते थकून भागूनच. मधुमेह प्रकट झाला; दमा आणि निद्रानाश यांनीही ठाण मांडले. मधुमेहावर इन्सुलिनचा शोध लागला तो १९२१ साली. तत्पूर्वी पथ्य आणि विश्रांती यांवाचून वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. १८९८ च्या ऑगस्टमध्ये अमरनाथाची खडतर यात्रा घडली आणि हृदयाला कायमची सूज आल्याचे डॉक्टरांनी सांगितले.

चार दिवसांचा ताप मनुष्य कसाही काढतो. जो आजार जाण्याचे नावच घेत नाही, तो मात्र देहाबरोबर मनालाही ग्रासतो. प्रथम चीड येते. मग आपण इतरांना भार झालो ही टोचणी लागते. हातून काही होत नाही म्हणून जगणेच व्यर्थ वाटू लागते. स्वामीजी ह्या अवस्थांना अपवाद नव्हते. ते गुरुबंधूंवर व शिष्यांवर कडाडून रागावत आणि नंतर त्यांनाच त्याचे दुःख होई. आपल्या पत्रांतून त्यांनी देहाची दैना कधी विनोदाने, तर कधी सरळ खेदाने कळविली आहे. वेदना लपविणे म्हणजेच वेदान्त, अशी त्यांची समजूत नव्हती.

औषधाचाही त्यांनी तिरस्कार केला नाही. गुरुबंधूंच्या आग्रहावरून १९०१ साली त्यांनी कविराजांचे आयुर्वेदीय उपचार घेतले. पाणी आणि मीठ वर्ज्य करण्याचे कठीण पथ्य त्यांनी निष्ठेने पाळले आणि त्याच दिवसांत ज्ञानकोशाचे जाडजूड खंड वाचण्यात मन रमविले. गुण येईलच, अशी अपेक्षा त्यांनी धरली नाही; जे करावयाचे ते करणे एवढेच त्यांनी आपल्याकडे ठेवले.

याहून कठीण गोष्ट म्हणजे हातातील कार्य सोडणे. ज्या संघाची त्यांनी स्वतः उभारणी केली, त्याची सूत्रे १९०१ च्या प्रारंभी ब्रह्मानंदांच्या हाती गेली. त्यापूर्वीच, एप्रिल १९०० मध्ये, कॅलिफोर्नियातील आलामेडा गावाहून एका शिष्यतुल्य स्नेही स्त्रीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली मनःस्थिती उघड केली होती. आपण नेते किंवा गुरू आहोत ही जाणीवच गळून पडली असून, दक्षिणेश्वराच्या वटवृक्षाखाली गुरुवचन ऐकणारा तो मुलगाच काय तो उरला आहे, असा त्याचा आशय होता. कर्तेपण आजाराने हिरावून घेतले तर मनुष्य खचतो; तेच त्याने आपण होऊन ईश्वरचरणी ठेवले तर हलका होतो.

बेलूर मठातील त्यांचे दिवसही असेच हलके होते. बाघा नावाचा कुत्रा, मटरू नावाचे करडू आणि बदके ह्यांच्यात ते मुलासारखे रमत. मठात कामाला येणाऱ्या संथाळ मजुरांशी गप्पा मारीत आणि एकदा त्यांना पोटभर जेवू घालून त्यांनी त्यांच्यात नारायण पाहिला. १८९८ मध्ये प्रकृतीसाठी दार्जिलिंगला गेले असता कलकत्त्यात प्लेग आल्याचे कळताच ते परतले आणि पैसा अपुरा पडला तर मठाची नवी जमीनसुद्धा विकण्यास सिद्ध झाले. १९०२ मध्ये काशीस असताना तेथील तरुणांनी निराधार रुग्णांसाठी चालविलेल्या सेवाश्रमाकरिता त्यांनी साहाय्याचे आवाहन लिहून दिले. स्वतः रोगी असलेल्या पुरुषाचे चित्त दुसऱ्या रोग्यापाशी गेले की त्याची स्वतःची कोठडी रुंद होते.

४ जुलै १९०२ रोजी त्यांनी ब्रह्मचाऱ्यांना सुमारे तीन तास लघुकौमुदी शिकविली. संस्कृत व्याकरणाची सूत्रे रुक्ष असतात असे म्हणतात. परंतु त्या दिवशी तो पाठ विनोदाने व कथांनी रंगला होता. सायंकाळी प्रेमानंदांसह ते फिरून आले, ध्यानास बसले आणि रात्री नऊच्या सुमारास त्यांनी देह ठेवला. वय अवघे एकोणचाळीस वर्षांचे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवान अर्जुनाला सुखदुःखांचे येणे-जाणे सहन करण्यास सांगतात. ही तितिक्षा म्हणजे दात-ओठ खाऊन मुकाट्याने सोसणे, असा अर्थ आपण पुष्कळदा घेतो आणि मग रुग्ण कण्हला तर त्याची श्रद्धा उणी पडली असे म्हणण्यासही कचरत नाही. स्वामीजींचे हे जीवन त्याचे निराकरण करते. कण्हूनही मनुष्य धीर राखू शकतो. औषध घ्यावे, पथ्य पाळावे, क्रोध आला तर मागाहून दोन गोड शब्द बोलावे, जे काम होत नाही ते दुसऱ्याच्या हाती सुखाने द्यावे, आणि जे होते ते, मग तो एका मुलाला दिलेला धडा का असेना, पूर्ण मनाने करावे.

आणि जे रुग्णाच्या उशाशी बसले आहेत, त्यांनी काशीपूरचे ते घर आठवावे. तेथे सेवा करणाऱ्यांना रोग घालविता आला नाही. तरीही त्या सेवेतूनच एक विवेकानंद घडला. आपल्या हातचा औषधाचा पेलाही व्यर्थ जात नाही, एवढा विश्वास त्यांनी बाळगावा.