लुई रेनो : गिअरपेटीतून उभे राहिलेले साम्राज्य

२४ डिसेंबर १८९८. नाताळची पूर्वसंध्या. पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवर चढणाऱ्या ऱ्यू लपिक या रस्त्यावरून एक हलकी, चार चाकांची, अगदी किरकोळ दिसणारी गाडी वर निघाली होती. रस्त्याचा चढ शंभर फुटांना सुमारे तेरा फुटांचा. त्या काळच्या मोटारी अशा चढावर धापा टाकीत थांबत. ही गाडी थांबली नाही. ती चालविणारा एकवीस वर्षांचा तरुण त्या रात्री मित्रमंडळींबरोबरची पैज जिंकलाच, शिवाय बारा गाड्यांची मागणी आगाऊ रकमेसह घेऊन घरी परतला, असे सांगितले जाते. त्या तरुणाचे नाव लुई रेनो. चढावर त्याला तारणारी वस्तू इंजिनाच्या मागे बसविलेली एक लहानशी पेटी होती.

लुई रेनो यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७७ रोजी पॅरिसमधील एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. वडिलांचा कापड आणि बटणांचा व्यवसाय होता. थोरले बंधू फर्नांद आणि मार्सेल त्यातच रमले. लुईंचे मन मात्र शाळेतही लागले नाही आणि दुकानातही नाही. वाफेच्या गाड्या बनविणाऱ्या सेर्पोले यांच्या कारखान्यात ते तासन्‌तास उभे राहत. अभियांत्रिकीच्या नामांकित विद्यालयाची प्रवेशपरीक्षा ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. स्वभावाने अबोल, बोलताना अडखळणारा हा मुलगा बियांकूर येथील घराच्या बागेतल्या अवजारांच्या खोलीत मात्र मोकळा होई.

याच खोलीत १८९८ मध्ये त्यांनी द दियों-बूतों कंपनीची एक तीनचाकी मोडून तिची चारचाकी गाडी केली. इंजिन तेच ठेवले, पण त्याची शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा पूर्णपणे बदलली. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांत हे काम चामड्याचे पट्टे किंवा साखळ्या करीत. पट्टे घसरत, साखळ्या ढिल्या पडत, तुटत आणि मोठा आवाज करीत. लुईंनी साखळी काढून टाकली आणि तिच्या जागी फिरता पोलादी दांडा मागच्या आसापर्यंत नेला. दांडा आणि इंजिन यांच्यामध्ये तीन वेगांची आणि एका उलट गतीची दातेरी चाकांची पेटी बसविली.

गिअरपेटी तोपर्यंत कोणी केलीच नव्हती असे नाही. पानार-लवासोर यांच्या गाड्यांत सरकत्या दातेरी चाकांची योजना आधीच आली होती. परंतु त्या पद्धतीत कोणत्याही वेगात शक्ती दातेरी चाकांमधूनच जाई. प्रत्येक जोडीत घर्षणापायी थोडी शक्ती वाया जाई आणि खडखडाट होई. लुईंनी पेटीत येणारा आणि पेटीतून बाहेर पडणारा असे दोन्ही दांडे एकाच रेषेत ठेवले. चढावरच्या कमी वेगात शक्ती बाजूच्या दांड्यावर जाऊन परत येई. सर्वांत वरच्या वेगात मात्र समोरासमोरचे दोन्ही दांडे थेट एकमेकांत अडकत, आणि इंजिनाचा प्रत्येक फेरा मधल्या दातांचा कर न भरता पुढे जाई. गाडीचा बहुतेक प्रवास याच वेगात होत असल्याने लाभ मोठा होता. आपल्याकडे अनेक दशके धावलेल्या अ‍ॅम्बॅसिडरच्या चौथ्या गिअरमध्येही हेच तत्त्व काम करीत असे.

९ फेब्रुवारी १८९९ रोजी लुईंनी या रचनेच्या एकाधिकारासाठी अर्ज केला. त्याच वर्षी बंधूंच्या भांडवलावर ‘रेनो फ्रेर’ ही कंपनी उभी राहिली. इतर कारखानदारांनी ही युक्ती उचलण्यास वेळ लावला नाही. लुईंनीही त्यांना न्यायालयात खेचण्यास वेळ लावला नाही. खटले ते जिंकले आणि स्वामित्वशुल्काचा मोठा ओघ सुरू झाला.

नाव गाजले ते शर्यतींमुळे. १९०२ ची पॅरिस-व्हिएन्ना शर्यत मार्सेल यांनी जिंकली. पुढच्याच वर्षी पॅरिस-माद्रिद शर्यतीत, धुळीने भरलेल्या रस्त्यावर, त्यांची गाडी उलटली आणि त्यांचा अंत झाला. लुई त्याच शर्यतीत पुढे होते. बोर्दोला पोहोचल्यावर त्यांना बातमी कळली. त्यानंतर ते शर्यतीत उतरले नाहीत. आजारी फर्नांद १९०८ मध्ये निवृत्त झाले आणि वर्षभरात निवर्तले. कंपनीत आता लुईंखेरीज कोणी उरले नाही.

१९११ मध्ये त्यांनी अमेरिकेत हेन्री फोर्ड यांचा कारखाना पाहिला. परतल्यावर कामगारांच्या प्रत्येक हालचालीचे घड्याळ लावून मोजमाप करण्याची पद्धत त्यांनी रेटली. १९१३ च्या आरंभी कामगारांनी सुमारे दीड महिना संप केला आणि तो हरले. लुईंविषयीचा रोष मात्र बियांकूरमध्ये मुरत राहिला.

पहिल्या महायुद्धाने त्यांना राष्ट्रीय कीर्ती दिली. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्नच्या आघाडीवर सैनिक नेणाऱ्या पॅरिसच्या टॅक्सी बहुतांशी रेनोच्या होत्या. १९१७ मध्ये त्यांच्या कारखान्यातून एफटी हा हलका रणगाडा बाहेर पडला. पूर्ण फिरणारा बुरूज आणि मागे इंजिन ही त्याची मांडणी पुढे जगभर रूढ झाली.

दुसऱ्या महायुद्धाने ती कीर्ती पुसली. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि बियांकूरचा कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला. लुईंनी तो बंद पडू दिला नाही. व्यापकाळात तेथून तीस हजारांहून अधिक वाहने जर्मनांसाठी बाहेर पडली. कारखाना बंद ठेवला असता तर यंत्रे आणि कामगार जर्मनीत नेले गेले असते, असा त्यांच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे. ज्यांच्यावर त्या मालमोटारींतून सैन्य चालून आले, त्यांना तो पटणे अवघड होते. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश विमानांनी कारखान्यावर बाँब टाकले, त्यात आसपासचे शेकडो नागरिकही दगावले.

पॅरिस मुक्त झाल्यावर २३ सप्टेंबर १९४४ रोजी शत्रूशी सहकार्याच्या आरोपावरून लुईंना अटक होऊन फ्रेन तुरुंगात ठेवण्यात आले. ते आधीच आजारी होते आणि त्यांची वाचा जवळजवळ गेली होती. महिन्याभरात, २४ ऑक्टोबर रोजी, सदुसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तुरुंगात त्यांना मारहाण झाली, असा आरोप कुटुंबीयांनी केला. तो प्रश्न कधीच निर्विवादपणे सुटला नाही. खटला उभा राहण्यापूर्वीच आरोपी गेला. तरीही १६ जानेवारी १९४५ च्या आदेशाने कंपनी सरकारने जप्त करून राष्ट्रीयीकृत केली. लुईंच्या वारसांना त्यांच्या समभागांची भरपाई मिळाली नाही. २०११ मध्ये नातवंडांनी त्या निर्णयाविरुद्ध दाद मागितली. पॅरिसच्या न्यायालयाने पुढच्या वर्षी आपल्याला अधिकारच नसल्याचे सांगितले.

लुई रेनो दोषी होते की नाही, हे न्यायासनासमोर कधीच ठरले नाही. सरकारने कारखाना घेतला, मात्र त्याच्या दारावरचे त्यांचे नाव तसेच ठेवले. आजही ते जगभरच्या गाड्यांवर आहे.