टाकळीच्या दगडात किडे शोधणारा हिस्लॉप : नागपूरच्या कॉलेजला याचंच नाव आहे

नागपुरात हिस्लॉप कॉलेज कुठं आहे, हे कोणीही सांगेल. पण ज्याच्या नावानं ते आहे तो माणूस सुट्टीच्या दिवशी हातोडी घेऊन दगड फोडत हिंडायचा, हे मात्र फार जणांना माहीत नसतं.

स्टीफन हिस्लॉप, जन्म १८१७, गाव स्कॉटलंडमधलं डन्स. १८४५ मध्ये मिशनरी म्हणून तो नागपुरात आला, तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. तो मराठी शिकला, त्यानं शाळा काढली, गोंडांच्या कथा-गाणी लिहून घेतली. आणि सहकारी रॉबर्ट हंटरसोबत फिरताना त्याची नजर जमिनीवर असायची.

काटोल रोडच्या भागातली टाकळी तेव्हा शहराबाहेर होती. तिथं त्याला दगडात गोगलगायींचे शंख दिसले.

आता गंमत बघा. नागपूरपासून पश्चिमेला काटोल आणि पुढं थेट सह्याद्रीपर्यंत पसरलेला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. उकळत्या लाव्ह्यात गोगलगाय टिकेल कशी?

याचं उत्तर असं, की लाव्हा एकदम आला नाही. एक थर आला, थंड झाला. मग पाऊस पडला, तळी साचली, झाडं उगवली. त्या तळ्यांच्या गाळात शंख, बिया, फळं, किडे गाडले गेले. त्यावर लाव्ह्याचा पुढचा थर आला आणि झाकण बसलं. या मधल्या थरांना आज इंटरट्रॅपियन म्हणतात.

म्यानमारच्या अंबरात, म्हणजे दगड झालेल्या राळेत, सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचे वाणी किडे पायांसकट सापडतात. वाण्यांची बहुतेक घराणी तेव्हाच वेगळी झाली होती, हे त्यावरून कळलं. टाकळीच्या गाळात तशी सोय नव्हती. भुंगेऱ्यांच्या पाठीवरचे टणक पंख तेवढे उरले होते. नखाएवढे हे ठसे हिस्लॉपनं जपून ठेवले. १८६० मध्ये अँड्र्यू मरे यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचं वर्णन छापलं.

हिस्लॉपनं या थरांचं वय प्रत्यक्षापेक्षा कमी धरलं होतं. आज ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या काळातलं मानतात. पण पुरावा त्यानंच गोळा केलेला होता.

४ सप्टेंबर १८६३. टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून आणि तिथली शाळा तपासून तो घोड्यावरून परत निघाला. पावसाचे दिवस होते, वाटेतला नाला भरून वाहत होता. त्यात तो बुडाला. शेहेचाळिसाव्या वाढदिवसाला चार दिवस बाकी होते.

गोंडांबद्दलचे त्याचे कागद रिचर्ड टेम्पलनं १८६६ मध्ये छापले. कॉलेज १८८३ मध्ये निघालं. ते त्यानं पाहिलं नाही, पण नाव त्याचंच लागलं.

पुढच्या वेळी काटोल रोडनं जाल, तेव्हा पायाखालच्या काळ्या दगडाकडे एकदा नीट बघा. त्याच्या दोन थरांमध्ये एखादं तळं दडलेलं असू शकतं.